एकोणीस मार्चचे एकतीस वीर

"इतिहास बदलणार आहे मी, इतिहास!" दिनविशेषने कप बशीत असा आपटला, की चहा बशीत आणि बशी मांडीवर आली.

"आधी पँट बदला," बायको म्हणाली.

त्याचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठे उरलं नव्हतं. सगळे त्याला दिनविशेषच म्हणत, आणि उगाच नाही! कुठलाही सेनापती घ्या, त्याची जन्मतारीख ह्याच्या जिभेवर तयार. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तेवढा तो विसरे, कारण त्या दिवशी एकही सेनापती जन्मला नव्हता! लष्करी संग्रहालयाचा रखवालदार, माहितगार, तिकीट फाडणारा आणि केर काढणारा, सगळं तो एकटाच. चुकीची तारीख दिसली की त्याला पायात काटा मोडल्यासारखं व्हायचं. एकदा कुठल्याशा परक्या लग्नपत्रिकेत वार आणि तारीख जुळत नव्हती, तर हा पठ्ठ्या पत्ता शोधत सांगायला गेला होता. नवरीचा बाप मारायला उठला, तरी तारीख दुरुस्त करूनच परतला.

पण सध्या संग्रहालयाचंच मरण जवळ आलं होतं. मागच्या महिन्यात नऊ माणसं आली, त्यातली चार मुतारी शोधत. समितीने ठरवलं होतं, मार्चअखेर गर्दी दिसली तर ठीक, नाहीतर एक एप्रिलपासून तिथे गाड्या उभ्या करायची जागा! सव्वीस वर्षं तोफांना तेलपाणी करणाऱ्या माणसाने जायचं कुठे? बावन्नाव्या वर्षी, जन्मतारखा पाठ असलेल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार?

आणि मग माळ्यावरच्या पेटीत सापडलं भरतीचं रजिस्टर! अठ्ठावन्न वर्षांपूर्वी लढाई पेटली तेव्हाच्या एका तुकडीचं. मोत्यांसारखं अक्षर. जन्मतारीख एकोणीस मार्च. खालच्याची एकोणीस मार्च. त्याच्याही खालच्याची तीच! एकूण एकतीस जवान, सगळे एकाच तारखेचे, आणि एकतीसच्या एकतीस त्याच लढाईत कामी आलेले.

"अगं, जगातले तीन मोठे सेनापती एकोणीस मार्चचे!" तो बायकोला सांगत होता. "एकाने अर्धं जग जिंकलं, दुसऱ्याने उपाशीपोटी किल्ला राखला, तिसरा आरमाराचा प्रमुख! त्याला बोट लागायची, ते सोड! शिवाय आपल्या समितीचे अध्यक्ष, जनरलसाहेब, तेही एकोणीस मार्चचेच! आणि आता हे एकतीस! ही तारीखच लढवय्यांची आहे! भव्य प्रदर्शन लावतो, बघच तू!"

"बाबाही एकोणीस मार्चचेच की," बायको म्हणाली. "त्यांनी तर जन्मभर टाक चालवला."

कोपऱ्यात तिचे वडील मटार सोलत बसले होते. वय एक्याऐंशी. त्यांचे हात थांबले.

"एखादा दाणा किडका निघायचाच!" दिनविशेष बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे... मामा, तुम्हाला नाही म्हणालो."

"जावईबापू," मामा हळूच म्हणाले, "ते रजिस्टर जरा..."

"मामा, तुम्ही लष्करात होतात, पण कचेरीत! शाई आणि टाचण्यांत! ह्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

त्या आठवड्यात मामांनी आणखी तीनदा प्रयत्न केला. एकदा न्हाणीघराच्या दाराबाहेरून बोलले, तर आत नळ सोडलेला. एकदा संग्रहालयात आले, तर जावई शिडीवर चढून फोटो टांगत होता. तुकडीचा मोठा फोटो! सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर. दिनविशेषने खाली पाटी लावली होती, 'बाह्या सरसावून युद्धास सज्ज वीर'. "मामा, खिळा द्या!" एवढंच त्याने ऐकवलं. शेवटी मामांनी कागदावर दोन ओळी लिहून जावयाच्या खिशात घातल्या. त्या कागदाची कोरी बाजू वर होती. तिच्यावर दिनविशेषने एकतीस नावं उतरवली आणि कागद केकवाल्याच्या हातात ठेवला.

"एवढी नावं बसायची नाहीत," केकवाला म्हणाला.

"बसतील तेवढी बसव, पुढे 'व इतर' टाक! कागदावरचं एक अक्षर गाळू नकोस!"

आता ह्यात केकवाल्याचा काय दोष?

एकोणीस मार्चला चमत्कार झाला. वर्तमानपत्रातलं निवेदन वाचून दोनशे माणसं आली! त्या एकतीस जणांची भावंडं, पुतणे, कोणाची विधवा. दिनविशेष जमिनीवर नव्हताच. तीन सेनापतींच्या चित्रांसमोर उभा राहून तो तारखेचा महिमा सांगत होता, घसा बसेपर्यंत!

सत्तरीच्या एक आजी मात्र पुढे सरकेनात. त्या फोटोसमोरच उभ्या.

"बाह्या दुमडल्यात ह्यांच्या," त्या म्हणाल्या.

"आजी, ती युद्धाची मुद्रा आहे!"

"मुद्रा कसली रे? सदरे मोठे होते पोरांना." त्यांनी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हा माझा भाऊ. आणि ह्याची तारीख चुकलीय. सात नोव्हेंबरचा हा."

चुकली? दिनविशेषच्या पायात काटा गेला! पण तेवढ्यात बाहेर जनरलसाहेबांच्या गाडीचा भोंगा वाजला आणि तो हार घेऊन धावला.

टाळ्या झाल्या. केकचं खोकं आलं. झाकण निघालं. जनरलसाहेबांनी चष्मा लावला आणि भारदस्त आवाजात सगळ्यांना वाचून दाखवलं. सतरा नावं, मग 'व इतर', आणि त्याखाली लाल क्रीमने, वळणदार अक्षरात, "जावईबापू, ह्या तारखा खऱ्या नाहीत. मीच लिहिल्या."

कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

"हा जावईबापू कोण?" जनरलसाहेबांनी विचारलं.

दिनविशेषला वाटलं, तोफेच्या नळीत शिरावं! पण त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. मागच्या खुर्चीवरून मामा उठले होते. इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"भरतीच्या टेबलावर मी होतो," ते म्हणाले. "दिवसाला चाळीस माणसं घ्यायचा हुकूम होता. ज्याच्याजवळ कागद नसेल, त्याची तारीख मी घालायचो. विचार करायला फुरसत नव्हती. स्वतःची तारीख हातात बसलेली, तीच लिहीत गेलो."

"आणि साल?" आजींनी विचारलं.

"साल मात्र विचार करून लिहायचो. अठरा भरतील असं."

"आमच्याजवळ होता की कागद! आई घेऊन आली होती दुसऱ्या दिवशी. मी तिचा हात धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, रजिस्टरात अठरा आहे म्हणजे अठराच."

"म्हणालो."

"तुम्हाला केवढा वाटला होता तो?"

मामांनी फोटोतल्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. फुलदाण्या मांडणारी त्यांची मुलगी जागच्या जागी उभी राहिली. तिला बापाची लाज वाटत होती आणि त्याच वेळी त्याला हाताला धरून घरी न्यावंसंही वाटत होतं.

"पोर वाटला होता," मामा म्हणाले. "पोरच होता."

"पंधरा पुरी नव्हती त्याला," आजी म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या.

जनरलसाहेबांनी दिनविशेषच्या दंडाला धरून त्याला तोफेमागे नेलं. आवाज एकदम गोड!

"हे बघा, आपल्या सैन्यात पोरं नव्हती. समजलं? म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, त्याला कोण काय करणार? केक उचला, रजिस्टर माझ्या गाडीत ठेवा. दोनशे माणसं आली आज, मी स्वतः बघितली. संग्रहालय चालू राहील, तुम्हीही राहाल. नाहीतर एक तारखेपासून गाड्या."

"होय साहेब!" दिनविशेष म्हणाला.

हो, खोटं कशाला सांगा, तो 'होय साहेब'च म्हणाला! दोनदा म्हणाला. टेबलाशी गेला, रजिस्टर उचललं, काखेत मारायला म्हणून मिटू लागला. आणि नजर पानावर गेली. एकोणीस मार्च, एकोणीस मार्च, एकोणीस मार्च. पानभर चूक! घाम फुटला त्याला. सासऱ्याची दया नव्हती त्यात, देशाचा विचार नव्हता, शौर्य तर औषधालाही नव्हतं. तारखा चुकलेल्या होत्या, आणि त्याला त्या बघवत नव्हत्या.

रजिस्टर परत टेबलावर आलं. त्याने पेनचं टोपण काढलं.

"आजी, सात नोव्हेंबर म्हणालात ना?"

"काय चाललंय हे?" जनरलसाहेबांचा गोडवा संपला.

"साहेब, तारीख चुकलीय. मला तशी ठेवता येत नाही."

"एवढंच कारण?"

"साहेब," दिनविशेष रडकुंडीला आला होता, "मला एवढंच येतं!"

जनरलसाहेब निघून गेले. गाडीचं दार इतक्या जोरात लागलं की उपाशी किल्लेदाराचं चित्र तिरकं झालं.

मामा टेबलाशी आले. "द्या ते पेन," ते म्हणाले. "अक्षर माझं आहे. खोडायचंही मीच." एकोणीस मार्चवर त्यांनी एक सरळ रेघ मारली, वर सात नोव्हेंबर लिहिलं, आणि साल लिहिताना पान हलू नये म्हणून आजींनीच रजिस्टर घट्ट धरून ठेवलं. क्षमा त्यांनी मागितली नाही आणि आजींनीही दिली नाही. पण आजींच्या मागे कोणाचा पुतण्या उभा राहिला, त्याच्यामागे कोणाची विधवा. टेबलासमोर परत एकदा रांग लागली. दिवेलागणीपर्यंत अठरा तारखा दुरुस्त झाल्या. त्यातला सर्वांत थोरला सोळा वर्षांचा निघाला. केकला कोणी सुरी लावली नाही.

एक एप्रिलला संग्रहालय बंद झालं. तीन सेनापती गोदामात गेले, तोफा भिंतीला लागल्या आणि मधे गाड्या आल्या. दारातल्या खोपटात तिकिटं द्यायला समितीला माणूस हवा होता. जागेची माहिती असलेला एकच जण होता. तेव्हा दिनविशेष तिथेच आहे, फक्त टोपी बदलली! सकाळी आल्याआल्या तो आधी शिक्क्याची तारीख फिरवतो, मग बसतो. तिकिटांच्या पेटीखाली ते रजिस्टर आहे. शेजारच्या स्टुलावर दहाच्या ठोक्याला मामा येऊन बसतात, खिशात पेन लावून. तेरा जणांच्या तारखा अजून सांगायच्या राहिल्यात. दोन महिन्यांत कोणीही आलेलं नाही.

परवा एक बाई खिडकीशी आल्या. हातात घडी घातलेला, पिवळट कागद. दोघेही ताडकन उठले! मामांनी टोपण काढलं, दिनविशेषने रजिस्टर बाहेर ओढलं.

"अहो," बाई कागदाने वारा घेत म्हणाल्या, "ती तोफ जरा सरकवता का? गाडी वळत नाही माझी."

"बघतो," दिनविशेष म्हणाला. मामांनी टोपण परत लावलं. दिनविशेषने बाईंचं तिकीट फाडलं, त्यावर शिक्का मारला आणि सवयीने तारीख तपासून पाहिली. ती बरोबर होती.