भाईंना मेल्या म्हणणारा देव

गुरुदासाच्या मुलीचं, दीपिकेचं लग्न झालं ते २००१ साल. त्याच वर्षी तो जहाजावरची चीफ इंजिनिअरची नोकरी सोडून आचऱ्याजवळच्या आपल्या गावी कायमचा आला. दर्याला कंटाळलो, असं त्याने गावाला सांगितलं. खरं कारण फक्त त्याच्या बायकोला, विमलाला ठाऊक होतं. पंचेचाळिशीत त्याला टाईप वन मधुमेह निघाला होता आणि रोज इन्सुलिन टोचणाऱ्याला कंपनी जहाजावर चढू देईना. सुईचं त्याला काही वाटत नव्हतं. इंजिन सांभाळलं तसं शरीरही सांभाळू, अशी त्याची खात्री होती. फक्त गावाने "बिचारो गुरुदास" म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं.

माघात सातेरीच्या देवळात गावजेवण होतं. पानं बाराला पडणार म्हणून गुरुदास घरीच सुई टोचून विमलाबरोबर निघाला. पण जेवणाआधी गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवीकडे मागणं. आणि ते घालायचा मान गावचे म्हातारे मानकरी भाई यांचा. भाईंनी बोटींना मासळी मागितली, मुंबईच्या पोरांना नोकऱ्या मागितल्या, मग खारेपाटणला दिलेल्या भाचीच्या सासूचा स्वभाव सुधारायला सांगितला. लोक दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होते. इन्सुलिन मात्र कोणाच्या भाचीसाठी थांबत नाही. जेवण लांबलं तशी रक्तातली साखर उतरली, गुरुदासाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि तो खांबाला धरून डोलू लागला.

अवसार आला, अंगात देव आला, असं कोणीतरी पुटपुटलं. लोक हात जोडून मागे सरले, आणि बायकांत उभी असलेली विमला त्या गर्दीमागे अडकली.

भाई रीतीप्रमाणे पुढे झाले. "कोण आसस तू? खंयसून इलस?"

"साखर दी," गुरुदास म्हणाला.

"देतंव. पण एकदाच व्हयी, काय दर वर्साक?"

"आत्ता दी, मेल्या."

भाईंना मेल्या म्हणायची अख्ख्या गावात कोणाची छाती नव्हती. उरलीसुरली शंकाही फिटली. भाईंनी तिथेच त्याच्यापुढे लोटांगण घातलं. तेवढ्यात विमलाने माणसं ढकलत येऊन नैवेद्याच्या ताटातला गूळ उचलला आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबला. थोड्या वेळाने गुरुदासाने घाम पुसला आणि पानं कधी वाढताय ते विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पडवीत माणसं बसायला लागली. एकाने हरवलेल्या म्हशीचं विचारलं. त्याला घालवायचं म्हणून गुरुदासाने नदीकडे बोट दाखवलं, तर म्हैस तिथेच सापडली. मग गर्दी दुप्पट झाली.

शेवटी विमलाच वैतागली. "आता देव होवन रवतलात, काय खरा सांगतलात?"

गुरुदासाने रात्रभर विचार केला. सकाळी त्याने पडवीतल्या सगळ्यांना आपला आजार समजावून सांगितला, बाटली दाखवली आणि सदरा वर करून त्यांच्यासमोर सुई टोचली. सगळ्यांनी माना पुढे काढून बघितलं. मग म्हातारी सुभद्रा बोलली.

"पोटात सुई घुसली, पण रगत येवक नाय. माणसाच्या पोटाक असा होता काय?"

सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.

तिन्हीसांजेला भाई एकटेच आले. त्यांना मात्र आजाराचं सगळं पटलं होतं. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, तहान भागत नाही, असं ते खाली बघून सांगत होते. गुरुदासाने त्यांच्या बोटातला थेंब घेऊन यंत्रावर साखर मोजली, ती फार वाढलेली निघाली, आणि सकाळी आपणच त्यांना मालवणला डॉक्टरकडे नेतो म्हणाला.

"जातलंय रे," भाई म्हणाले. "पण उद्या कोणाच्या घरी लाडू नको म्हटलंय, तर कारण काय सांगू?"

गुरुदासाने यंत्र डबीत ठेवलं.

"देवान बंदी घातल्यान म्हणा."

भाईंनी तसंच सांगितलं. महिन्याभरात गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी चहातली साखर सोडली.

भाई २००९ साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेत वारले. तेव्हा त्यांचं वय पंच्याऐंशी होतं, आणि शेवटपर्यंत लाडू नको म्हणताना ते देवाचीच बंदी सांगत होते.