चिंच, विहीर आणि मधला यासीन

अल-मरसा फुटबॉल क्लब यंदा खालच्या गटात जाणार नाही, आणि का जाणार नाही तर मी इथं आहे म्हणून, असं गुंडू चौगलेने बहरीनमध्ये, हूऱ्यातल्या मुख्तारच्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना जाहीर केलं. वस्तरा हातात असलेल्या मुख्तारला दुसरा गाल उरकायचा होता, आणि अर्ध्या दाढीच्या माणसाशी गिऱ्हाइकंही वाद घालत नाहीत. त्यामुळे ते ठरल्यासारखंच झालं.

वास्तविक गुंडू एसी दुरुस्त करणारा माणूस. माहूजमधल्या निम्म्या इमारती त्याच्या हाताने गार झालेल्या. क्लबशी त्याचं नातं एवढंच, की खेळाडूंच्या खोलीतला एसी गळायला लागला की त्याला फोन यायचा. पण यंदा क्लबने दोन भारतीय खेळाडू घेतले, दोघेही निघाले कोल्हापूरचे, आणि त्यातही गुंडूच्याच कॉलेजचे. कॉलेजात असताना या जोडीने विद्यापीठाचा करंडक आणला होता. प्रशांतने मधून चेंडू काढून द्यायचा, सुयोगने गोल मारायचा. क्लबच्या लोकांनी ते जुने व्हिडिओ बघितले आणि कपबशी घ्यावी तशी दोघांना जोडीने उचलून आणली.

कपबशी आली, पण चहा काही येईना. अल-मरसा तळाला जाऊन बसला. प्रशांतच्या पायात चेंडू आला की तो डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, वेळप्रसंगी उलटा फिरून आपल्याच गोलकीपरला द्यायचा. पण समोर मोकळा उभा असलेला सुयोग काही त्याला दिसायचा नाही. सुयोगही मागायचा नाही. मानपान कमी पडलेल्या व्याह्यासारखा तो कमरेवर हात ठेवून दुसरीकडे बघत उभा असायचा.

एकदा गुंडू शिडीवर चढून एसीत डोकं घालून उभा होता, तेव्हा खाली कोच अम्मार येऊन थांबला.

"गुंडू, ये दोनों में झगडा है क्या?"

"नहीं कोच. तालीम अलग है."

"मतलब देश अलग?"

"देश एक."

"मजहब?"

"वो भी एक. कॉलेज भी एक. लेकिन सुयोग चिंचवाला और प्रशांत विहीरवाला."

"बहोत दूर है दोनों?"

"बीच में एक आटे की चक्की है."

अम्मारने बराच वेळ एसीतून पडणारे थेंब बघितले.

आता कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉल पायाने खेळतात हा गैरसमज आहे. तो पेठेने खेळतात. पैलवान उठले आणि तालमीतल्या तांबड्या मातीवर फुटबॉलवाले येऊन बसले, त्याला जमाना झाला. चिंचेखालच्या तालमीचा रंग पिवळा, विहिरीवरच्या तालमीचा निळा. कॉलेजात असेपर्यंत पोरं कॉलेजचा शर्ट घालून एकत्र खेळतात, ते चालतं, शिक्षणासाठी माणूस काहीही करतो. कॉलेज संपलं की ज्याने त्याने आपल्या तालमीत जायचं. मग पिवळ्याला पास देणारा निळा शोधून सापडणार नाही.

"दोन मॅच राहिल्या," अम्मार म्हणाला, अर्थात हिंदीत. "खाली गेलो तर मी खलास. ही दोन पोरंही खलास. एअरपोर्ट."

गुंडू स्वतः चिंचेखालच्या तालमीचा. चिंचेच्या पोराला बहरीनहून परत पाठवलं, हे तालमीत कळलं असतं तर गावी जाताना त्याला विमानतळावरूनच परत फिरावं लागलं असतं.

"शुक्रवारी माझ्या घरी जेवायला या. पोरांनाही आणा," तो शिडीवरून म्हणाला. "एका पंगतीला बसलं की सगळं मिटतं, कोच. इंशाल्ला."

एवढं बोलताना तो एक गोष्ट विसरला. त्याची बायको लक्ष्मी हिचं माहेर विहिरीचं.

लग्न जमवताना मध्यस्थाने फुटबॉलचा विषय दोन्हीकडे टाळला होता. पुढे संसार झाला, भक्ती झाली, आणि नवरा-बायकोत एक समझोता झाला: सामने सुरू असेपर्यंत एकमेकांशी थेट बोलायचं नाही. जे असेल ते भक्तीमार्फत. नववीतली भक्ती इंग्रजी शाळेतली. ती मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत पुढे पाठवायची.

शुक्रवारी पंगत बसली. प्रशांत दारातच लक्ष्मीच्या पाया पडला. "आत्या, बरं हाय न्हवं?" सुयोगने गुंडूला वाकून नमस्कार केला आणि लक्ष्मीला लांबूनच म्हणाला, "काकी." नात्यांची वाटणी उंबऱ्यावरच झाली. तांबडा रस्सा आला. मटणाच्या नळ्या आपोआप प्रशांतच्या ताटात गेल्या.

"भक्ती, आईला सांग, सुयोगच्या वाटीत नुसता रस्सा हाय."

"मम्मी, पप्पा सेज सुयोगदादा गॉट ओन्ली ग्रेव्ही."

"त्यास्नी सांग, कमरेवर हात ठेवून उभं ऱ्हाणाऱ्याला रस्साच मिळतो."

"पप्पा, मम्मी सेज..."

"ऐकलं मी."

"देन व्हाय ॲम आय हिअर," भक्ती म्हणाली आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

शेवटी प्रशांतनेच हात आवरता घेतला. "मामा, आमचं दोघांचं कायबी भांडण न्हाई. एका खोलीत ऱ्हातोय, एका पातेल्यात भात शिजवतोय."

"मग पास का देत न्हाईस रं त्याला?"

"तुम्ही व्हिडिओ काढताय म्हणून."

लक्ष्मीने रश्श्याचं पातेलं खाली ठेवलं.

"तुम्ही चिंचेच्या ग्रुपवर टाकताय. आत्या आमच्या ग्रुपवर टाकत्यात. मागं एक पास चुकून ह्याच्याकडं गेला. चुकून गेला बरं का, मी दिला न्हवता. तर बाबांनी फोन उचलायचा बंद केला. तालमीतला माझा फोटो उतरवून त्या खिळ्याला कॅलेंडर लावलंय."

"माझंबी तसंच," सुयोग म्हणाला. "माझा फोटो हाय अजून. पण तोंड भिंतीकडं केलंय."

उपाय सोपा होता. गुंडूने लक्ष्मीकडे बघितलं. लक्ष्मीने गुंडूकडे बघितलं. त्या हंगामात पहिल्यांदाच, आणि थेट.

"भक्ती, आईला सांग, व्हिडिओ बंद कर म्हणावं."

"भक्ती, त्यास्नी सांग, आधी तुम्ही."

बोलणी तिथे जी अडकली ती अडकलीच. मोठमोठे देश अशाच ठिकाणी अडकतात. त्यांच्याकडे निदान गार होणारा रस्सा तरी नसतो.

अम्मारला यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याचं लक्ष भक्तीकडे होतं. भक्ती मान वर न करता डाव्या हाताने आईकडून चटणी घेत होती आणि बापाला देत होती, बापाकडून पाण्याचा तांब्या घेत होती आणि आईला देत होती. एक थेंब सांडत नव्हता आणि चेहऱ्यावर कुठलाही पक्ष दिसत नव्हता. अम्मारचा भाकरीचा घास हातातच राहिला.

"ये लडकी," तो हळूच म्हणाला, "मिडफिल्डर है."

पुढच्या सामन्यात त्याने प्रशांत आणि सुयोगच्या मधोमध यासीनला उभं केलं. यासीन हा क्लबमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात रुंद खेळाडू. दिवसा टपाल कचेरीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी बाकावर बसायचा. अम्मारने त्याला एवढंच सांगितलं: याच्याकडून घ्यायचं, त्याला द्यायचं, विचार मफी, म्हणजे अजिबात नाही. यासीन म्हणाला, हे तर माझं रोजचंच काम.

तो सामना बरोबरीत सुटला. शेवटचा जिंकायलाच हवा होता. गुंडू मैदानाच्या एका टोकाला मोबाईल धरून उभा, लक्ष्मी दुसऱ्या टोकाला. प्रशांतने चेंडू काढला, यासीनला दिला. यासीनने पत्ता वाचल्यासारखं क्षणभर चेंडूकडे बघितलं आणि सुयोगला दिला. सुयोगने जाळ्यात मारला. त्यानंतर अल-मरसाने गोल खाल्ला नाही, आणि क्लब वाचला.

चिंचेच्या ग्रुपवर गेलं: सुयोगचा गोल. विहिरीच्या ग्रुपवर गेलं: प्रशांतची चाल. दोन्हीकडे फटाके वाजले. मधल्या चक्कीवाल्याने भीतीने चक्की बंद केली. प्रशांतच्या बाबांनी फोन उचलला, सुयोगचा फोटो सरळ झाला, आणि दोघांचे करार वाढले. सलूनमध्ये गुंडूने हे सगळं आपल्या रश्श्याच्या खात्यात जमा केलं.

त्याच रात्री चिंचेच्या तालमीतून बापूंचा फोन आला. बापू म्हणजे तालमीतला शेवटचा शब्द.

"गुंड्या, तो मधला रुंद गडी कुठल्या तालमीचा रं?"

"कुठल्याच न्हाई बापू. टपालातला हाय."

"म्हंजे मोकळाच हाय की. घे आपल्यात. फेटा बांध आणि फोटो पाठव."

आता इथे गुंडूने भक्तीला विचारायला हवं होतं. पण हंगाम संपला होता, भक्ती सुट्टीवर होती. त्याने पेटीतून लग्नातला पिवळा फेटा काढला, क्लबवर जाऊन यासीनच्या डोक्यावर ऐटीत बांधला आणि तुरा काढला. यासीन खूश झाला. त्याने सगळ्या कोनांतून फोटो काढून घेतले आणि टपाल कचेरीतही वाटले. गुंडूने एक चिंचेच्या ग्रुपवर टाकला. चिंचेचा फोटो विहिरीवर पोचायला वेळ लागत नाही, मध्ये फक्त चक्की आहे.

लक्ष्मीने तो बघितला. "आवं, हा तर आपल्या लग्नातला फेटा," एवढंच ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यानंतर अम्मारचा फोन आला.

"गुंडू, मुश्किल है. प्रशांत यासीन को बॉल नहीं देता."

गुंडूच्या डोळ्यांपुढे यासीनच्या फेट्याचा पिवळा तुरा हलला.

"दोनों के बीच में एक और आदमी चाहिए. तुम्हारे गाँव का नहीं चाहिए. और सुनो, उसको टोपी मत पहनाना."

गुंडूने फोन ठेवला आणि नकळत भक्तीकडे बघितलं.

"पप्पा, डोन्ट इव्हन," भक्ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये मुख्तारने साबण लावता लावता विचारलं, "क्यों गुंडूभाई, इस साल टिकेगा अपना क्लब?"

पूर्ण दाढी होईपर्यंत गुंडूने तोंड उघडलं नाही. आणि मग उघडलं ते एवढंच विचारायला, की मिशी जरा बारीक केली तर लोक ओळखतील का.