रंगुबाईची तार आणि साहेबांचं इंग्रजी

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी बेलापूरजवळच्या आमच्या गावातल्या वीज कचेरीच्या साहेबांनी पुण्याला इंग्रजी लेखनाचं प्रशिक्षण घेतलं आणि येताच फलक लावला: तक्रार इंग्रजीतच असावी, व तीमधील तीव्रतादर्शक शब्द पाहूनच कार्यवाहीचा क्रम ठरेल.

रंगुबाईच्या गोठ्यावर विजेची तार लोंबत होती. मी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी लिहून दिलं: तार लोंबते आहे, म्हैस मरेल.

कारकून गोरक्षनाथ माझाच विद्यार्थी. त्याने अर्ज परत केला.

"बाई, यात जोर न्हाई. निदान 'व्हेरी' तरी घाला."

"अरे गोरख, आधी तार बांधा, जोर मागून घालते."

"तुमीच शिकवलं न्हवं, नियम म्हंजे नियम?"

'व्हेरी' घातलं. पण तोवर साऱ्या गावाने 'व्हेरी' घातलं होतं, म्हणून कचेरीने तो शब्द सर्वसाधारण प्रवर्गात टाकला. मी 'एक्स्ट्रीमली'वर गेले. त्याच दिवशी गावचे पुढारी आप्पासाहेब यांच्या नातीच्या साखरपुड्याच्या रोषणाईचा अर्ज 'मोस्ट अ‍ॅब्सोल्यूटली' होऊन आला. सगळे वायरमन तिकडे गेले.

"आपली तार बी तशीच लोंबतीया म्हणून लिवा," रंगुबाई म्हणाली. "वारं सुटलं की शिंगाला टेकाया बघती हो, बाई."

श्रावणात तार तुटली. म्हैस जागीच गेली. भरपाईच्या अर्जात, कचेरीच्या धाकाने, मी 'व्हेरी डेड' लिहिलं. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला: मृत्यूस कमी-अधिक नसते. प्रयोग अशुद्ध. अर्ज अमान्य.

शेरा बरोबर होता. मुलांच्या वह्यांत मीही हेच खोडत आले होते.

साहेब आता नाशिकला आहेत. तिथे इंग्रजी लेखनाचं प्रशिक्षण देतात. गोरक्षनाथला बढती मिळाली. शिफारसपत्रात त्याच्या प्रामाणिकपणाआधी 'ट्रूली' होतं. नातीचं लग्न मोडलं, पण फोटोंत उजेड छान आला आहे. रंगुबाईने हातातल्या पाटल्या मोडून दुसरी म्हैस घेतली. मी अर्ज लिहिणं सोडलं.

परवा रंगुबाईचा फोन आला. "बाई, तार परत खाली आलीया."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

मी विचारलं, "खरंच?"

तुम्ही हसू नका. तुम्हीही आधी तेच विचारलं असतं.