मनोऱ्याला एका दिवसाची रजा

ओसाकातल्या लाल मनोऱ्याला एका दिवसाची रजा हवी होती आणि त्याला बदली मिळत नव्हती, म्हणून त्या मंगळवारी मनोऱ्याच्या जागी मी उभी राहिले.

मी स्वयंपाकीण. सांगलीची एक टूर कंपनी आहे, ती माणसं परदेशात नेते आणि बरोबर आम्हालाही नेते, कारण आपला माणूस जपानात गेला तरी दुपारी एक वाजता त्याला वरणभात आठवतो. त्या खेपेला बावीस माणसं होती. सकाळी पोहे, दुपारी जेवण, चारला चहा, रात्री परत जेवण. देऊळ, किल्ला, बाजार हे सगळं त्यांनी बघायचं आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या.

ओसाकात फोटो काढायच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या नोकरीवर आहेत. हे तिथे कोणी मुद्दाम सांगत नाही, लपवतही नाही. किल्ल्याला महिन्यातून दोन सुट्ट्या असतात, तेव्हा त्याच्या जागी नदीपलीकडचं एक हॉटेल येऊन उभं राहतं. कालव्याकाठी पाटीवर एक पळणारा माणूस आहे. तो रजेवर गेला की त्याचा चुलतभाऊ येतो. चुलतभाऊ पळत नाही, नुसता चालतो. फोटोत कळत नाही. नियम एकच: रजा पाहिजे तर बदली द्या. आमच्याकडे घरकामाच्या बायकांना हाच नियम असतो, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.

मनोऱ्याच्या पायथ्याशी दृश्य खात्याची खिडकी आहे. सकाळच्या चहाला गरम पाणी मिळेल का विचारायला मी तिथे गेले, तर माझ्यापुढे रांगेत मनोरा. एक्क्याण्णव मीटरचा धडधाकट गडी, पण खिडकी ठेंगणी, म्हणून कमरेत वाकून बोलत होता. मागच्या बाजूने लोक त्याचा वाकलेला फोटो काढत होते. तो जपानीत बोलत होता आणि मला सगळं समजत होतं. रजा मागणाऱ्याचं बोलणं कुठल्याही भाषेत तेच असतं.

खिडकीत मोरितासाहेब होते. पन्नाशीचे, चष्म्याचे. त्यांना हिंदी येत होती, माझ्याहून बरी.

“कारण?” त्यांनी मनोऱ्याला विचारलं.

“अर्जात लिहिलंय.”

“तोंडी सांगावं लागतं.”

“थोरली बहीण,” मनोरा म्हणाला. “दक्षिणेला समुद्रावर दीपगृह आहे. आज दुपारी चार वाजता तिचा दिवा कायमचा बंद करणार आहेत. त्याच्या आधी एकदा तिला जवळून बघायचंय.”

“याआधीची भेट?”

“भेट झालेलीच नाही. मला इथे उभं केलं तेव्हा ती तिथे उभी होती. आभाळ स्वच्छ असलं की ती लांबून दिसते, तेवढंच.”

“बदली?”

“मिळाली नाही,” मनोरा म्हणाला. मोरितासाहेबांनी शिक्का उचलला. शिक्का नामंजुरीचा होता, झिजून अर्धा झालेला.

“हा तुमचा पाचवा अर्ज,” ते म्हणाले. “मला वाईट वाटतं. पण जागा रिकामी ठेवता येत नाही. लोक लांबून येतात.”

मी पूर्वी मिरजेत एका घरी स्वयंपाकाला होते. आईचं जास्त झाल्याचा निरोप आला तेव्हा त्या घरच्यांनी सांगितलं, बदली आणा आणि जा. बदली मिळाली संध्याकाळी पाचला. मी गावी पोचले तेव्हा आईला घेऊन गेले होते. हे मी त्या खिडकीपाशी कोणाला सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, “साहेब, शिक्का ठेवा खाली. माझं नाव लिहा.”

मोरितासाहेबांनी दुसरा फॉर्म काढला. मनोरा माझ्याकडे बघायला अजून खाली वाकला.

“नाव?”

“अनसूया शिवराम लोखंडे. चौथी पास.”

“अनुभव?”

“बावीस वर्षं. चार घरं, एक वसतिगृह, एक मंगल कार्यालय.”

“उभं राहण्याचा विचारतोय.”

“मग स्वयंपाक काय झोपून करतात?”

त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. “उंची?”

“चार फूट अकरा इंच.”

“मनोरा एक्क्याण्णव मीटर आहे. तफावत आहे.”

“लोक याच्याकडे जवळून बघतात का लांबून?”

“लांबून.”

“लांबून सगळं वीतभरच दिसतं, साहेब. मीही दिसेन.”

मोरितासाहेब खिडकी बंद करून बाहेर आले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि एक डोळा मिटून आधी मनोऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. परत येऊन त्यांनी लिहिलं, तफावत मान्य. माझा स्वेटर लाल होता, त्यामुळे रंगाचा प्रश्नच आला नाही.

“आता तुमची बदली कोण?” त्यांनी विचारलं. “तुम्ही इथे उभ्या राहिल्यावर तुमच्या बावीस माणसांचं जेवण कोण करणार?”

हेही बरोबरच होतं. मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्हाला कांदा चिरता येतो?”

“येतो.”

“मग झालं. बेसन निळ्या डब्यात आहे. पिठल्याला गुठळी होऊ द्यायची नाही. मिरच्या दोन घाला. तिसरी घातलीत तर त्यांना चालेल, पण चव घेताना तुमचं काही खरं नाही.”

त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि खिडकीवर स्वतःच्या बदलीला त्या पळणाऱ्याच्या चुलतभावाला बोलावलं. तो आला, खुर्चीत बसला. टेबलाखाली त्याचे पाय चालतच होते.

आमचा टूर मॅनेजर निनाद धावत आला. पोरगा चांगला आहे, पण घाबरट.

“मावशी, कंपनीला मी काय सांगू?”

“सांग, मावशी कामावर आहे. खोटं आहे का त्यात?”

जाताना मनोऱ्याने मला काम समजावून दिलं. “अवघड काही नाही, ताई. बसायचं नाही, नाक खाजवायचं नाही. बोललात तर कामापुरतं. सहा वाजता डोक्यावरचा दिवा लावायचा. उद्या ऊन असेल तर पांढरा, पाऊस असेल तर निळा. पण तोवर मी येतोच.”

“ते बघते मी. तुम्ही निघा आधी.”

त्याने एक पाय उचलला, मग दुसरा, सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबला आणि रस्ता ओलांडून दक्षिणेला गेला.

उभं राहणं मला नवीन नव्हतं. लोकांनी बघणं नवीन होतं. समोरच्या रस्त्यावर पिवळी पावलं रंगवलेली आहेत. तिथे उभं राहिलं की फोटो नीट येतो. दुपारी जेवणं उरकून आमची माणसं तिथे आली. पिठलं आज वेगळंच झालंय, परत परत घेतलं, असं आपसात बोलत होती. वेगळं म्हणजे कसं, ते मला विचारायचं होतं, पण ते मनोऱ्याच्या कामात बसत नव्हतं.

आपल्या माणसांची एक खोड आहे. मोठं काही दिसलं की ते चिमटीत धरून फोटो काढायचा. डोंगर दिसो, देऊळ दिसो, आधी चिमटीत धरायचं. एकवीस जणांनी पाळीपाळीने माझं डोकं चिमटीत धरलं. बाविसाव्या प्रमिलाबाई देवस्थळी. विश्रामबागेत बंगला, बँकेतून निवृत्त, रोज माझ्या आमटीत मीठ शोधणाऱ्या. पहिल्या तीन फोटोंत त्यांचे डोळे मिटले, म्हणून त्यांनी चौथ्यांदा माझं डोकं धरलं. तेव्हा माझे हात आपोआप कमरेवर गेले. चूक माझी. मनोऱ्याने असं करायला नको होतं.

प्रमिलाबाईंनी फोटो बघितला आणि तरातरा खिडकीकडे गेल्या. चुलतभावाने तक्रारीचा फॉर्म दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: बदलीबद्दल लेखी तक्रार आल्यास मूळ कर्मचाऱ्यास तात्काळ परत बोलावण्यात येईल.

अडीच वाजले होते. मी मनोऱ्याच्या जागी होते, त्यामुळे मनोऱ्याला दिसतं तेवढं मला दिसत होतं. तो अजून अर्ध्या वाटेवर होता. एका नदीत घोटाभर पाण्यातून, पुलाला धक्का नको म्हणून पुलाच्या कडेकडेने चालला होता.

“प्रमिलाबाई,” मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. “अनसूयाबाई? तुम्ही?”

“आज मी बदलीवर आहे.”

“तरीच. मनोऱ्याला हात कुठून फुटले म्हणत होते मी. फोटोत नुसता भांडायला उभा राहिल्यासारखा दिसतोय.”

“माझं चुकलं. परत काढा, सरळ उभी राहते.”

“परत कशाला? एवढ्या लांब मी मनोरा बघायला आले, तुम्हाला नाही. तुम्हाला तर रोज बघते.”

“मला कुठे बघता? ताट बघता.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बहिणीचं मी काही सांगितलं नाही. रजेचं कारण सांगायला गेलं की लोक ते खरं का खोटं हेच तपासत बसतात, आणि तेवढ्यात चार वाजतात.

“बाई, तुमच्याकडे भांड्याला कोण येतं?”

“शेवंता. तिचं काय मध्येच?”

“ती रजेवर गेली की?”

“बदली देते. द्यावीच लागते. त्याशिवाय मी सोडतच नाही.”

“मग बदली आली की तुम्ही तिचं तोंड बघता का भांडी बघता?”

“भांडी बघते. तोंड बघून काय करू?”

“मग फोटो बघा ना. माझं तोंड कशाला बघता?”

त्यांनी फोन उघडला आणि दोन बोटांनी माझे हात मोठे केले.

“माझे हात सोडा,” मी म्हणाले. “स्वतःकडे बघा.”

“काय आहे माझ्यात?”

“तो मनोरा म्हणजे काडी. आजवर त्याच्यापुढे जी बाई उभी राहिली ती जाडच दिसली असणार. आज मागे मी आहे, अठ्ठ्याहत्तर किलो. तुम्ही केवढ्याशा दिसताय ते बघा.”

प्रमिलाबाईंनी फोन जवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा बदलून परत जवळ धरला. चुलतभाऊ फॉर्म धरून पाय चालवत थांबला होता.

“कॉलेजात असताना मी अशी होते,” त्या म्हणाल्या.

“असाल की.”

“उद्या तो परत येणार?”

“आजच येणार. संध्याकाळी.”

पेनाला टोपण लागलं. कोरा फॉर्म त्यांनी चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि पिवळ्या पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. “आता पूर्ण उंचीचा काढू,” म्हणाल्या. “आणि तुमचे हात राहू देत कमरेवर. त्याने अजून रुंद दिसता.”

मग त्यांनी आमच्या बाकीच्या बायकांना बोलावलं. बातमी कशी पसरली माहीत नाही, पण सव्वातीनला जपानी बायकाही रांगेत होत्या. शिस्तीत, एकामागे एक, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. रांगेत पुरुष एकही नव्हता. एका आजीबाईंनी फोटो झाल्यावर मला कमरेत वाकून नमस्कार केला. मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी नुसतं बघितलं.

चारला दहा कमी असताना मनोरा समुद्रावर पोचला. दीपगृह पांढरं होतं, बुटकं, कडेला पोपडे आलेलं. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काय बोलली दोघं ते ऐकू आलं नाही. चार वाजता टोप्या घातलेली तीन माणसं आली, वर गेली, आणि दिवा गेला. माणसं खाली येऊन गाडीत बसून निघून गेली. ती दोघं तिथेच होती. मी रांगेकडे लक्ष दिलं.

सहा वाजले तरी मनोरा आला नव्हता. दिवा लावणं भाग होतं. माझा उजवा गुडघा तीन वाजल्यापासून ठणकत होता, म्हणून मी निळा लावला.

निनाद खालून ओरडला, “मावशी, मोबाइलवर उद्या ऊन दाखवतंय.”

“मोबाइलचा गुडघा दुखतो का?”

समोरच्या इमारतींतल्या बायका गॅलरीत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि दोरीवरचे कपडे काढायला लागल्या.

वीस मिनिटांनी मनोरा आला. गुडघ्यापर्यंत ओला, सांध्यात शेवाळ अडकलेलं. एकटा नव्हता. मागून पांढरी बहीण येत होती, पाऊल टाकताना रस्त्याकडे बघत.

“उशीर झाला, ताई,” तो म्हणाला. “हिला चालायची सवय नाही.”

“मला घाई करायचीही सवय नाही,” बहीण म्हणाली. “आणि तू पुढे पुढे पळत होतास.”

मोरितासाहेब हात पुसत आले. बोटं हळदीने पिवळी झाली होती. त्यांनी चुलतभावाला उठवलं, खुर्चीत बसले आणि मनोऱ्याला म्हणाले, “रजा एकाची होती. परत दोघं आलात.”

“हिचं तिथलं काम संपलं,” मनोरा म्हणाला. “दिवा नाही तर जागा नाही, असं ती माणसं म्हणाली. मी तिला तिथे सोडून कसा येऊ?”

“इथेही जागा एकच आहे.”

“आणि ती याची आहे,” बहीण म्हणाली. “कळलं मला. पण याला सुट्टी लागली तर उभं कोण राहतं?”

मोरितासाहेब माझ्याकडे बघायला लागले.

“माझ्याकडे बघू नका,” मी म्हणाले. “मला रात्रीच्या पोळ्या आहेत.”

त्यांनी नवा फॉर्म काढला. “अनुभव?”

“एकशे चार वर्षं. वाऱ्यात.”

“रंग पांढरा आहे. खात्याकडून लाल लावून मिळेल.”

“लावू नका. मी अशीच राहीन.”

साहेबांनी बराच विचार केला आणि रंगाचा रकाना रिकामा ठेवून खाली सही केली. बदली कायम झाली, उद्यापासून नाही, आत्तापासून. मनोरा दमला होता, त्यामुळे त्याने लगेच त्या रात्रीच्या रजेचा अर्ज दिला. तो मंजूर झाला. मंजुरीचा शिक्का नवा कोरा होता, शाई धरेना, तीनदा मारावा लागला.

मी खाली उतरले आणि स्वेटर झटकला. सात वाजता आमची बस निघाली. प्रमिलाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि शेवंताला फोन लावून, बदली न देता तू किती दिवस जाऊ शकतेस, असं काहीतरी विचारायला लागल्या. शेवंताला वाटलं बाईंना बरं नाही.

मी मागच्या काचेतून बघितलं. बहीण जागेवर उभी होती. मनोरा फुटपाथवर पाय पसरून बसला होता आणि कसं उभं राहायचं ते तिला खालून सांगत होता. ती ऐकत नव्हती. थोरली होती ती.