खणखणीत पिझ्झा

आमचे शेजारी मल्लप्पा, म्हणजे आमचे अप्पा, समोर पिझ्झा आला की आधी तो उलटा करतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. आमच्या लोहाऱ्यात नुकतंच पिझ्झ्याचं दुकान निघालं होतं. "तू इंग्रजी शाळंतली, तुला ह्यातलं कळतंय, चल," म्हणून अप्पांनी मला सोबत नेलं. पिझ्झा आला. अप्पांनी तो तळहातावर पालथा घातला. चीज टेबलावर ओघळलं. अप्पा मात्र शांतपणे बुडावर बोटानं टकटक करून कान लावून ऐकत होते.

"आवाज न्हाय," ते दुकानदाराला म्हणाले. "भाकरी कच्ची हाय."

"अप्पा, भाकरी न्हाय, पिझ्झा हाय," दुकानदार म्हणाला.

"टमाटं घालून कच्चेपणा झाकायलास व्हय?"

अप्पांच्या घरी कडक भाकरीची रीत. ज्वारीची, पापडासारखी, महिनाभर टिकणारी. वाजवली की खणखणली पाहिजे. काकू गेल्यापासून अप्पा त्या स्वतःच भाजतात.

"दिवाळीपतूर टिकत न्हाय हे दुकान," असा निकाल देऊन ते उठले. तरी दर बाजाराच्या दिवशी तिथूनच पिझ्झा बांधून नेऊ लागले. मला नवल वाटलं, पण विचारणार कोण?

परवा आईनं त्यांच्याकडे शेंगांची चटणी द्यायला पाठवलं. गच्चीवर गेले, तर धुतलेल्या धोतरावर, कडक भाकऱ्यांशेजारी, ओळीनं पिझ्झे वाळत घातले होते. एकावर मुंग्यांची रांग लागली होती.

"अप्पा! हे काय?"

"दिवाळीला नातू येतोय पुण्याहून," मुंग्या झटकत ते म्हणाले. "मागं आला तर दोन दिवसांत आईला म्हणला, इथं पिझ्झा मिळत न्हाय, चल घरी. आता मिळतोय, तर दुकान कुठं टिकायलंय? म्हणून आत्ताच करून ठेवायलोय."

मी मोठ्यांना सहसा काही सांगत नाही. पण म्हणाले, "अप्पा, पिझ्झा वाळवून टिकत नाही. दुकानच टिकायला पाहिजे."

अप्पा एकेक पिझ्झा गोळा करत राहिले.

हल्ली संध्याकाळी ते त्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. "ओ पावणं, या की! लई झकास हाय," म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात. कुणीच वळलं नाही, तर स्वतःसाठी एक मागवतात.

आणि न वाजवता खातात.