टापटीपच्या वतीने

"हा टापटीप कोण?" वाओमुआने विचारलं, आणि बैठकीतल्या प्रत्येक मानकऱ्याने आपापल्या खांबाला पाठ आणखी घट्ट टेकवली.

पेनेहुरोने घसा साफ केला. "कोणी नाही, बाबा. सांगकाम्या आहे तो."

"कोणाचा सांगकाम्या?"

"कोणाचा असा नाही. संगणकाचा. ज्ञानकोशात फिरत असतो आणि पानं नीट लावत असतो."

"गाव कुठलं त्याचं? बाप कोण?"

पेनेहुरोला खोटं बोलता येत नसे. "बाप ॲडलेडला असतो," तो म्हणाला.

"म्हणजे घरदार आहे!" सरपंच इओपूने मांडीवर थाप मारली. "मग आणा की त्याला, गुडघ्यावर बसवा इथं."

झालं होतं ते असं. पेनेहुरो टपालखात्यातून निवृत्त झाला त्याच वर्षी त्याची बायको आकेनेसे गेली. तिला घरासमोरच पुरलं, आणि संध्याकाळी त्या थडग्याच्या गार फरशीवर जाऊन बसणं एवढाच उद्योग त्याला उरला. ऑकलंडच्या मुलाने जुना संगणक पाठवला. "मन रमवा," म्हणाला. पेनेहुरोचं मन रमलं ते अशा एका ज्ञानकोशात, जिथं कोणीही काहीही लिहू शकतं, त्याचे पैसे मिळत नाहीत आणि आभार तर अजिबात मिळत नाहीत. टपालखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे घरच्यासारखंच वाटलं.

त्याने बेटावरच्या आपल्या सालोतोआ गावाचं पान लिहिलं. झरा लिहिला, देऊळ लिहिलं, वादळात उडालेलं देवळाचं छप्परही लिहिलं. मग गावाचे मानकरी लिहिले, ज्या क्रमाने बैठकीत त्यांचा पुकारा होतो त्याच क्रमाने. वाओमुआ पहिला. आसोलुआ शेवटचा. हा क्रम रस्त्याहून जुना, देवळाहूनही जुना. एक नाव पुढंमागं झालं म्हणून पूर्वी डोकी फुटलेली आहेत, आणि ती कोणाकोणाची हेसुद्धा गावाला क्रमाने पाठ आहे. लिहिलेली प्रत्येक ओळ पेनेहुरो थडग्यावर बसून बायकोला वाचून दाखवी. जिवंतपणी तिने त्याचं इतकं कधीच ऐकून घेतलं नव्हतं.

एका दुपारी टापटीप त्या पानावरून गेला. जगात कुठंही नावांची रांग दिसली की ती वर्णानुक्रमे लावायची, एवढंच त्याला शिकवलेलं. नद्या, राजे, डासांच्या जाती, सगळं त्याने लावून टाकलं होतं. सालोतोआचे मानकरीही लावले. आसोलुआ पहिला आला आणि वाओमुआ शेवटी गेला.

गावाला पत्ता नव्हता. आपल्या गावचा पुकारा फोनवर कोण बघणार? पण शनिवारी शेजारच्या जिल्ह्यातून पाहुणे आले, आणि त्यांचा वक्ता ताउसागा हा नव्या दमाचा माणूस होता. म्हाताऱ्यांना विचारत बसण्यापेक्षा त्याने बसमध्येच ज्ञानकोश उघडून सगळा पुकारा पाठ केला. अंगणात उभं राहून, काठी टेकून, खणखणीत आवाजात त्याने आधी आसोलुआला वंदन केलं आणि वाओमुआला सगळ्यात शेवटी.

डुकरं ओरडायची थांबली. लाटसुद्धा किनाऱ्यापर्यंत येऊन, काय झालंय ते बघून, तशीच मागं फिरली असं म्हणणारे लोक आहेत. मी तितकं म्हणत नाही. पण पुकाऱ्याच्या क्रमाने आवा हे मानाचं पेय वाटणारा पोरगा गोंधळला आणि पहिला प्याला त्याने नेऊन दिला आसोलुआला.

आसोलुआ साधा माणूस. आयुष्यभर त्याच्या वाट्याला आवाचा तळाचा गाळच यायचा. त्याने प्याल्याकडे बघितलं, वाओमुआकडे बघितलं आणि कोणी काही बोलायच्या आत प्याला रिकामा केला.

"ती काय चव असते रे वरच्या घोटाची!" असं तो नंतर म्हणाला. बैठकीत मात्र खाली मान घालून बसला होता.

बैठकीचा निकाल सरळ होता. टापटीपने येऊन क्षमा मागावी. नाहीतर ज्याने त्याला गावात आणलं त्या पेनेहुरोने गाव सोडावं.

"गाव सोडायला माझी ना नाही, बाबा," पेनेहुरो म्हणाला. "पण आकेनेसेला इथं एकटी ठेवून कसा जाऊ?"

"ते टापटीपला विचार," वाओमुआ म्हणाला.

त्याने खरोखरच विचारलं. क्रम पूर्ववत केला आणि पानामागच्या चर्चेत अदबीने लिहिलं. टापटीपचा बाप वॉरिक नावाचा निघाला. उत्तर आलं: "मानाचा क्रम वेगळा असेल तर छापील संदर्भ द्यावा."

"संदर्भ माझ्यासमोर बसलाय आणि संतापलाय," पेनेहुरोने लिहिलं.

"संतापलेली व्यक्ती हा संदर्भ धरता येत नाही. वर्तमानपत्रातलं कात्रण चालेल. मिळालं की मी स्वतः दुरुस्त करीन."

"इथं हे कोणी छापत नाही. सगळ्यांना तोंडपाठ असतं."

"तुमची अडचण समजते. पण मीही हे फुकटच करतो हो, आईच्या खाटेशी बसून. ती मला ओळखत नाही आता. निदान रांगा तरी सरळ राहाव्यात एवढंच."

पेनेहुरो हे पुन्हा वाचत होता. एवढ्यात टापटीपने क्रम पुन्हा फिरवला. पेनेहुरोने परत लावला. टापटीपने परत फिरवला. सांगकाम्याला ना झोप ना जेवण, आणि हट्टाला तर सीमाच नाही. शेवटी वॉरिकने, फार वाईट वाटतंय असं लिहून, वारंवार उलटापालट केल्याबद्दल एकाला लिहायला बंदी घातली. ती पेनेहुरोला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पेनेहुरोने आकेनेसेच्या लग्नातली तलम चटई काढली, वाओमुआच्या घरासमोर गुडघ्यांवर बसला आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. क्षमा मागायला येताना सगळं घराणं सोबत असावं लागतं. त्याच्या घराण्यातलं जे कोणी जवळ होतं ते फरशीखाली होतं.

थोड्या वेळाने चटईचं टोक हललं आणि आसोलुआ आत सरकला.

"तू कशाला आलास?"

"प्याला कोण प्यालं?" आसोलुआ म्हणाला. "सरक थोडा. गुडघ्याखाली दगड आलाय माझ्या."

वाओमुआचं घर सगळ्यांसारखंच बिनभिंतींचं. आतून तो यांना बघत होता आणि चटईच्या भोकातून हे त्याला बघत होते. त्याने सावकाश कोको घेतला. सावकाश भाजलेला नीरफणस खाल्ला. दोघांच्या पोटात आळीपाळीने आवाज होऊ लागले. ऊन चढलं.

"पेनेहुरो, खरं सांग," आसोलुआ कुजबुजला. "ते पान अजून आठवडाभर तसंच नाही का राहणार? माझ्या पोरीने बघितलं नाही अजून. तिकडं ऑकलंडला कोंबड्यांच्या कारखान्यात असते. बाप पहिला आलाय म्हटलं तर तिला खोटं वाटतंय."

"आसोलुआ, आपण क्षमा मागायला बसलोय."

"ती चाललीयच की."

मग आसोलुआ पुन्हा कुजबुजला. "त्या ॲडलेडवाल्याला छापलेलंच पाहिजे ना? मग छापून आणू. इओपूची मेहुणी बातमीदार आहे राजधानीत."

पेनेहुरोला इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं. आसोलुआने चटईखालूनच फोन लावला.

संगणकाच्या चुकीसाठी माणूस गुडघ्यावर, ही बातमी सोडणार कोण? बातमीदार फेतुइ दुपारच्या बसने हजर झाली. पेनेहुरोने चटईतून तिला सगळा क्रम दोनदा सांगितला. तिने दोनदा मान डोलावली आणि मग कॅमेरा काढला.

कॅमेरा बघताच वाओमुआ उठला. नेसणं बदललं, अंगाला तेल लावलं, खांद्यावर चवरी टाकली, संथ पावलांनी बाहेर आला आणि त्याने चटई उचलली. चटई उचलली म्हणजे क्षमा झाली, ती मग मागं घेता येत नाही. पहिल्या खेपेला वाओमुआच्या चेहऱ्यावर सावली आली म्हणून फेतुइच्या सांगण्यावरून त्याने चटई परत टाकली आणि पुन्हा उचलली. एवढी पक्की क्षमा सालोतोआत त्यापूर्वी कोणाला मिळाली नव्हती.

पेनेहुरो घरी येऊन फरशीवर आडवा झाला. "राहिलो बरं का गं," एवढंच बायकोला म्हणाला.

गुरुवारी वर्तमानपत्र आलं. वाओमुआचा फोटो सुरेख होता. खाली गावाचे मानकरी, 'मानाच्या क्रमाने' अशा ठळक शीर्षकाखाली. पहिलं नाव आसोलुआ. शेवटचं वाओमुआ.

पेनेहुरोने धावत जाऊन फेतुइला फोन लावला.

"अहो काका, तुम्ही सांगितलेलं मी लिहूनच नव्हतं घेतलं," ती म्हणाली. "चूक नको म्हणून ज्ञानकोशात बघून टाकलं. बरोबर आहे ना?"

त्याने संगणक उघडला. बंदी उठली होती. वॉरिकचा निरोप होता: "हार्दिक आभार! असाच संदर्भ हवा होता. छापील क्रम आमच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. यापुढे कोणी छेडछाड करू नये म्हणून पानाला कायमचं कुलूप लावलं आहे. आईला तुमची गोष्ट वाचून दाखवली. ती हसली."

पेनेहुरोने संगणक मिटला. झालेली क्षमा जुन्या अपराधाची होती. हा अपराध नवा होता, छापील होता, आणि त्याला संदर्भही होता. कोणी बोलवायला यायच्या आधी त्याने चटई काखेत मारली आणि वाओमुआच्या अंगणात गेला.

तिथं आसोलुआ आधीच गुडघ्यांवर बसलेला. डोक्यावर काही नव्हतं, म्हणून त्याने केळीचं पान धरलं होतं.

"ये," तो म्हणाला. "जागा धरून ठेवलीय. दगड बाजूला केलाय."

चटई दोघांवर आली. आत काळोख होता आणि दोघांच्याही श्वासाला कोकोचा वास होता. या खेपेला ते खाऊन आले होते.

"आज देवळाच्या नव्या छपरासाठी पाहुणे यायचेत," आसोलुआ पुटपुटला. "तीन गावांचे. त्यांचे वक्ते वर्तमानपत्र वाचतात म्हणे."

पेनेहुरो मनात सामानाची बांधाबांध करत होता आणि एक गोष्ट काही केल्या पेटीत बसत नव्हती.

रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. मागोमाग दुसरा. मुलं ओरडत धावली. मग अंगणातल्या खड्यांवर जड पावलं वाजली आणि चटईच्या अगदी जवळ येऊन थांबली. वर्तमानपत्राची घडी सळसळली. पेनेहुरोने डोळे मिटले.

चटईचं टोक वर झालं. ऊन आत आलं. वाओमुआ वाकून दोघांकडे बघत होता. नेसणं घरचंच होतं, अंगाला तेल नव्हतं. त्याने एकदा मागं वळून बसमधून उतरणाऱ्या वक्त्यांच्या काठ्या बघितल्या.

"सरका जरा," तो म्हणाला, आणि आत येऊन बसला.

चटई खाली पडली. तिघांचे गुडघे एकमेकांना लागले. बाहेर पहिल्या वक्त्याने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात आसोलुआला वंदन केलं. आतल्या आत आसोलुआचा हुंकार चुकून निघून गेला.

"गप," वाओमुआ म्हणाला.

पेनेहुरोला आता गावाबाहेर काढणारं कोणी उरलं नव्हतं. चटई उचलणारंही.