पाठमोरा गायक

स्टेजवर चढण्याआधी बाकीचे गायक गरम पाणी पितात, देवाचं नाव घेतात, केस सारखे करतात. आमचा हेमंत पडद्याच्या फटीला डोळा लावतो आणि विचारतो, "ओळखीचं कोणी नाही ना गा?"

दुसऱ्या बँडचे गायक ओळखीच्या लोकांनी यावं म्हणून आठवडाभर मेसेज पाठवत असतात. आमचा बहुतेक कोणी येऊ नये म्हणून नवस बोलत असावा. आणि एखादं ओळखीचं तोंड दिसलंच, तर हा अख्खा कार्यक्रम लोकांकडे पाठ करून गातो. लोकांना वाटतं, स्टाइल आहे. एका कॉलेजच्या पोरीनं मला विचारलं होतं, "सर, ते इतके डीप का आहेत?" मी म्हटलं, "डीप नाही, लपून राहिला तो."

आमच्या बँडचं नाव 'काहून', म्हणजे वऱ्हाडीत 'का'. हेमंत डोंगरे गिटार वाजवतो आणि गातो, पंकज बेस वाजवतो, मी ड्रम बडवतो. गाणी आमची स्वतःची, वऱ्हाडीतली, आणि सगळी हेमंतनंच लिहिलेली. कुठल्याही म्युझिक कंपनीनं आम्हाला अजून उचललेलं नाही. त्यामुळे साक्षगंध म्हणजे साखरपुडा, वाढदिवस, शोरूमचं उद्घाटन, मिळेल तिथं आम्ही सिनेमाची गाणी वाजवतो आणि आई पोळीत गोळी दडवून देते तसं मधेच एखादं आपलं गाणं सरकवतो.

माझं सदर भागात गाद्यांचं दुकान आहे. वरच्या गोदामात आमची प्रॅक्टिस चालते. चारही भिंतींना गाद्या लावल्यामुळे आवाज बाहेर जात नाही, आणि दमलं की आडवं व्हायला दूर जावं लागत नाही. हेमंत तिथं रोज सकाळी ऑफिसच्या वेळेला हजर होतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात निळ्या फितीचं कार्ड, डोक्यावर हेल्मेट. बॅगेत लॅपटॉप नसतो, वायरी आणि डबा असतो. कार्डावर त्याचा फोटो आणि नाव आहे, कंपनीचं नाव मात्र नाही. आमच्याच गल्लीतल्या फोटोवाल्याकडून त्यानं ते करून घेतलंय. हेल्मेट गोदामाचं दार लावल्यावर उतरतं, आणि मग त्यातून खांद्यापर्यंतचे केस बाहेर पडतात. शनिवार-रविवारी कार्यक्रम असला की याचा जीव अर्धा होतो.

"सुट्टीच्या दिवशी बॅग घेऊन कसा निघू? शोभते का?" हे 'शोभते का' त्याचं पालुपद. मग जरा वेळानं स्वतःच तोडगा काढतो, "अमेरिकेचं अर्जंट काम आलं म्हणतो."

हे सगळं तो कोणासाठी करतो, ते आम्ही कधी विचारलं नाही. त्याला आमचीच लाज वाटते, असं आम्ही धरून चाललो होतो. मला राग यायचा. एकदा म्हटलंही, "एवढी लाज वाटते तर येतो काहून बे?" तो गिटार लावत बसला. "असं बोलणं शोभते का," एवढंच म्हणाला.

मागच्या हिवाळ्यातल्या एका आठवड्यात मात्र सगळा उलगडा झाला. लग्नसराई होती, रोज कुठंतरी वाजवायचं होतं.

सोमवारी सदरमध्येच मोबाइलच्या शोरूमचं उद्घाटन. आम्ही फुटपाथवर. हेमंतनं सवयीप्रमाणे रस्त्याकडे पाठ आणि काचेकडे तोंड केलं. काचेच्या आत भिंतीएवढा टीव्ही, आणि त्यावर नव्या मोबाइलचा कॅमेरा चालू. हेमंतचं तोंड त्यात हत्तीएवढं दिसत होतं. बसमधले लोकसुद्धा वाकून पाहत होते. तो डोळे मिटून गात असल्यानं त्याला हे शेवटच्या गाण्यापर्यंत कळलं नाही. कळल्यावर त्यानं तिथल्या तिथं हेल्मेट घातलं आणि उरलेलं कडवं हेल्मेटातून म्हटलं.

त्याच दिवशी पंकजला मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा मेल आला. त्यांनी आमची गाणी ऐकली होती आणि त्यांना ती आवडलीही होती. पण तुमच्या एकाही व्हिडिओत गायकाचा चेहरा कसा दिसत नाही, असं त्यांनी विचारलं होतं. समोरून गातानाचा एखादा कार्यक्रम पाठवा, मग पुढचं बोलू. पंकज गाद्यांवर उड्या मारायला लागला. हेमंत म्हणाला, "आवाज पोचला ना त्यायले? मग तोंडाचं काय लोणचं घालतात?"

"रविवारी दुपारी लॉनवर कार्यक्रम आहे," पंकज म्हणाला. "कोणत्यातरी म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. माझा मोबाइल समोर लावून ठेवतो. तू फक्त सरळ उभा राहा."

"पाहू," हेमंत म्हणाला. त्याच्या तोंडचं 'पाहू' म्हणजे 'नाही'.

बुधवारी तो गिटारची वायर गोदामात विसरून गेला. मी ती द्यायला नंदनवनला त्याच्या घरी गेलो. ओसरीत दोन म्हातारे चहा पीत बसले होते आणि समोर हेमंत हेल्मेटसकट उभा होता. घरी पोचला, तेवढ्यात पाहुणे भेटले, आणि केसांमुळे हेल्मेट काढायची सोय राहिली नाही. त्यातले एक त्याचे वडील, डोंगरे मास्तर. भंडाऱ्याकडच्या शाळेत मुख्याध्यापक होते. जन्मभर फळ्यावर सुविचार लिहिलेला माणूस. दुसरे गिरडकर काका, मास्तरांच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधले.

मला पाहून मास्तर दचकले. मग घसा साफ करून काकांना म्हणाले, "हे आमच्या हेमंतच्या कंपनीतले. याच्या हाताखाली आहेत."

मी हेमंतकडे पाहिलं. हेल्मेटच्या काचेतून दोन डोळे माझ्यापुढे हात जोडून उभे होते.

"हो," मी म्हटलं. "सर फार सांभाळून घेतात आम्हाला."

"मिहानच्या कंपनीत काम म्हणजे मोठंच असते," काका कौतुकानं म्हणाले. "पाहा ना, पोराले हेल्मेट काढाले फुरसत नाही! बरं, तुम्ही सॉफ्टवेअरवाले, माझा फोन पाहून द्या ना जरा. अक्षरं मुंगीएवढी झालीत."

मी गाद्या विकतो. मी फोन उलटासुलटा केला, बंद करून चालू केला, दिसेल ते दाबलं. नशिबानं अक्षरं मोठी झाली, इतकी मोठी की पडद्यावर दोनच शब्द मावेनात. काका खूश. मास्तर तेवढा वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

हेमंत मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. तिथं त्यानं काच वर केली आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"आई गेल्यावर बाबा इथं आले. तेव्हा मी खरंच मिहानले होतो, कॉल सेंटरात. बाबांनं साऱ्या ग्रुपले सांगितलं. मग मी गाण्यासाठी नोकरी सोडली. बाबांले म्हटलं, सांगून टाका आता. ते म्हणाले, उद्या सांगतो. तो उद्या काही आला नाही. मधात त्यायनं माझं प्रमोशनबी करून टाकलं."

"आणि तू हे चालवून राहिला?"

"इथं त्यायले बोलाले तेवढीच चार माणसं आहेत गा. त्यायच्यासमोर बापाले खोटं पाडणं शोभते का?"

"म्हणजे तुला गाण्याची लाज नाही वाटत?"

"गाण्याची काहून वाटन?" तो म्हणाला. "माझ्यापायी बाबा खाली पाहतात ना, त्याची वाटते."

त्यानं काच खाली केली आणि परत फिरला. मला त्याच्यावर इतके दिवस केलेला राग कुठं ठेवावा, ते कळेना.

गुरुवारी गंमत झाली. मिहानमधल्याच एका कंपनीत आमचा कार्यक्रम होता. घरातून निघताना हेमंतनं बाबांच्या ग्रुपला 'मिहानले चाललो' म्हणून सांगितलं होतं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा ते खरं होतं. आणि नेमका त्याच दिवशी गेटवरच्या गार्डनं त्याला अडवला.

"ये कार्ड किधर का है?"

हेमंत घामाघूम. मी मधे पडलो, "अहो, आम्ही बँडवाले. आमचा कार्यक्रम आहे आत."

गार्डनं वही उघडली आणि मराठीवर आला. "बँडचं नाव सांगा."

"काहून."

"काहून म्हणजे? लिहावं लागते म्हणून!"

"तेच तर सांगून राहिलो, काहून."

आमच्यामागं गाड्यांची रांग लागली. शेवटी आतून एक मॅडम आल्या आणि आम्हाला ओळखून घेऊन गेल्या. हेमंतनं गळ्यातलं कार्ड खिशात टाकलं. "पहिल्यांदा खरं सांगून निघालो, तर आत घेऊन नाही राहिले," तो म्हणाला. आम्ही हसलो, तोही हसला.

शुक्रवार-शनिवारही असेच धावपळीत गेले, दोन साक्षगंधं आणि एक वाढदिवस. रविवारी सकाळी हेमंतचा घसा बसला होता. तरी लॉनवर पोचलो. पंकजनं मोबाइल स्टँडवर बसवला. हेमंतनं पडद्याच्या फटीला डोळा लावला, आणि या वेळी काहीच न विचारता स्पीकरवर जाऊन बसला.

मी फटीतून पाहिलं. समोर फुलांनी सजवलेल्या सोफ्यावर हार घालून गिरडकर काका आणि काकू बसले होते. आणि पहिल्या रांगेत, तपकिरी कोटात, डोंगरे मास्तर.

"बाबा म्हणाले होते, रविवारी एकाकडे जेवाले जायचं आहे," हेमंत पुटपुटला. "कोणाकडे ते मीच विचारलं नाही."

मला वेगळीच भीती. हेमंतला काकांनी आजवर हेल्मेटातच पाहिलं होतं, पण माझं तोंड त्यांनी चांगलं उजेडात पाहिलं होतं. मी पंकजचा गॉगल लावला, त्याची टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि ड्रममागं वाकून बसलो. लपून वाजवण्यात मान किती दुखते, ते तेव्हा समजलं.

पहिली दोन गाणी हेमंतनं पाठ करूनच म्हटली. पंकज डोळ्यांनी विनवण्या करत होता. तेवढ्यात गिरडकर काकाच सोफ्यावरून ओरडले, "अहो गायक! पन्नास वर्षं टिकलो आम्ही, आमच्याकडे तोंड करा ना जरा!"

सगळं लॉन हसलं. हेमंत वळला.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी स्टेजवरून पाहिला. हेमंतनंही पाहिला. मग त्यानं ठरलेलं सिनेमाचं गाणं सोडून स्वतःचं एक गाणं धरलं. एका घरात दोनच माणसं राहतात आणि दोघंही एकमेकांना 'माझं जेवण झालं' म्हणून सांगतात, असं ते गाणं आहे. बसलेल्या घशानं ते जास्तच खरं वाटत होतं. काकूंनी डोळे पुसले. मास्तर मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिले.

गाणं संपताच काका माइक घेऊन स्टेजवर आले. मी झांजेच्या आड झालो.

"वा! नाव काय बेटा तुमचं?"

हेमंतनं एकदा पहिल्या रांगेकडे पाहिलं. "सुनील," तो म्हणाला.

"कुठले?"

"भंडाऱ्याकडचा जी."

"वडील काय करतात?"

हेमंतनं गिटारचा पट्टा खांद्यावर ओढला. "मास्तर होते."

"अन् त्यांना चालते हे गाणंबिणं?"

"शाळेची प्रार्थना त्यायनंच म्हणाले लावली मले," हेमंत म्हणाला. "तिथून सुरू झालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या, सगळ्यांच्या मागून, अगदी हळू.

आमचं जेवण मंडपाच्या मागं, भांडी घासायच्या जागेजवळ लागलं होतं. पंकज ताटावर बसूनच व्हिडिओ पाहत होता. चेहरा स्वच्छ आला होता. "आजच पाठवतो," तो म्हणाला.

"थांब," हेमंत म्हणाला. "हा बाहेर आला तर साऱ्यायले दिसन. बाबांले विचारल्याशिवाय नको."

एवढ्यात मास्तरच आले. हातात वाफाळत्या पाण्याचा ग्लास, आणि मागोमाग, दुर्दैवानं, गिरडकर काका. मी ताटात नाक घातलं.

मास्तरांनी ग्लास हेमंतपुढे धरला. "घसा बसला तुमचा," ते म्हणाले. "गरम पाणी घ्या."

हेमंत ताडकन उभा राहिला. जन्मल्यापासून बापानं त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी ग्लास घेतला.

"चांगलं गाता तुम्ही," मास्तर म्हणाले. "मी... असं समोर बसून कधी ऐकलं नव्हतं."

"जी," हेमंत म्हणाला. मग म्हणाला, "एक विचारू का जी? एका कंपनीले हा व्हिडिओ पाहिजे. माझा चेहरा दिसते त्यात. पाठवू का?"

काका हसले. "अरे, हे मास्तरांना काहून विचारता?"

"वडीलधारे आहेत म्हणून," हेमंत म्हणाला.

मास्तरांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा हेमंतकडे. मागं भांड्यांचा आवाज होत होता. "पाठवा," ते म्हणाले. "दिसला तर दिसू द्या."

हेमंत त्यांच्या पाया पडायला वाकला. कार्यक्रमाला आलेला गायक म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडतो, यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. फक्त तो उठायला उशीर लावत होता, आणि मास्तरांचा हात त्याच्या केसांवरून निघत नव्हता.

"संस्कारी पोरगा आहे हो," काका म्हणाले. "कोणाचा आहे कोण जाणे!"

मास्तरांनी हेमंतचे विस्कटलेले केस सारखे केले. हात मागं घेऊन ते म्हणाले, "लवकर घरी जा. वडील वाट पाहत असतील."

"हो जी," हेमंत म्हणाला.

मग गिरडकर काकांनी मास्तरांना आपल्या गाडीत बसवलं. ती निघाल्यावर हेमंतनं गिटार पाठीला लावली, आपली स्कूटर सुरू केली, आणि गाडी दिसेल एवढं अंतर ठेवून तिच्या मागं नंदनवनच्या रस्त्याला लागला.